बेसमेंटमधला जुना स्टोव्ह: ठेवायचा, बदलायचा की काढून टाकायचा?

न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा उत्तर भाग किंवा ऑन्टारिओ इथे जुनं घर विकत घेतलं, की बेसमेंटच्या कोपऱ्यातला लाकडावर चालणारा काळा, जडशीळ लोखंडी स्टोव्ह अनेकदा घराबरोबरच पदरात पडतो. घर विकणारा सांगतो, "उत्तम चालतो, आम्ही वर्षानुवर्षं वापरला." मग पहिला हिवाळा येतो, हीटिंगचं बिल हातात पडतं आणि घरात चर्चा सुरू होते. हा पेटवून बघायचा का? नवा आणायचा का? की सरळ भंगारात द्यायचा?

आपल्यापैकी बहुतेकांच्या बालपणात चूल होती, बंब होता, शेगडी होती. पण बंद लोखंडी पेटीतली आग आणि तिच्या डोक्यावर दोन मजले उंच चिमणी हा प्रकार नव्हता. त्यामुळे या स्टोव्हबद्दल घरातल्या मोठ्यांचा अनुभव कामी येत नाही आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर भिस्त ठेवावी लागते. म्हणून हा लेख. यातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगते: निर्णय स्टोव्हकडे बघून घेऊ नका. आधी चिमणी तपासा, मग बेसमेंट, मग स्वतःची गरज आणि सगळ्यांत शेवटी स्टोव्ह. आणि तपासणी होईपर्यंत, कितीही थंडी पडली तरी, त्यात काडी लावू नका.

हे स्टोव्ह आले कुठून?

१९७३ ची तेलटंचाई आणि १९७९ चा दुसरा तडाखा यांनी अमेरिकेत लाकडाच्या स्टोव्हना नवं आयुष्य दिलं. ऑईलवर घर गरम करणं परवडेना, तेव्हा लोक जंगलाकडे वळले. ओरेगॉनमधून फिशरचे जाड पोलादी स्टोव्ह निघाले. पापा बेअर, मामा बेअर, बेबी बेअर ही त्यांची नावं आजही जुन्या घरांत ऐकू येतात. व्हर्माँटमध्ये १९७५ साली व्हर्माँट कास्टिंग्ज सुरू झाली आणि तिचे बिडाचे स्टोव्ह घरोघर गेले. गावोगावच्या वेल्डरांनीही आपापल्या परीने स्टोव्ह बनवून विकले.

या पिढीतले बरेच स्टोव्ह 'एअरटाइट' म्हणून विकले गेले. दार घट्ट लावायचं, हवेची झडप जवळजवळ बंद करायची, की लाकूड रात्रभर धुमसत राहायचं. सोय मोठी होती, पण धुमसणारं लाकूड पुरतं जळत नाही. न जळलेले वायू चिमणीत जातात. त्यांतले काही आतल्या भिंतींवर डांबरासारखे चिकटतात, बाकीचे गावाच्या हवेत मिसळतात. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ साली स्टोव्हच्या धुरावर पहिल्यांदा मर्यादा घातली. १९९० मध्ये ती कडक झाली. मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना तासाला २ ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा आहे. नेहमीच्या फोडलेल्या ओंडक्यांवर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅम. १९९० च्या नियमात बिनकॅटलिस्टच्या (धूर जाळणारा कॅटलिस्ट नसलेल्या) स्टोव्हला साडेसात ग्रॅमपर्यंत मुभा होती, यावरून फरक लक्षात येईल.

तुमचा स्टोव्ह कोणत्या पिढीतला, हे त्याच्या पाठीवर कळतं. टॉर्च घेऊन मागे वाका आणि धातूची पट्टी शोधा. तिथे दोन वेगळी प्रमाणपत्रं असू शकतात. एक ईपीएचं, ते धुराबद्दल. दुसरं यूएलसारख्या चाचणीसंस्थेचं (कॅनडात यूएलसीचं), ते आगीपासूनच्या सुरक्षिततेबद्दल. भिंतीपासून, कोपऱ्यापासून, फर्निचरपासून किती अंतर ठेवायचं ते याच दुसऱ्या पट्टीवर इंचांत लिहिलेलं असतं. कोणतीच पट्टी नसेल, तर स्टोव्ह प्रमाणित नाही असंच धरा. अशा स्टोव्हपासून पेट घेऊ शकणारी प्रत्येक वस्तू सर्व बाजूंनी ३६ इंच दूर हवी. 'पेट घेऊ शकणारी' यात लाकडी फळ्या, ड्रायवॉलमागचे लाकडी खांब आणि छताचे वासेसुद्धा आले.

पहिली पायरी: चिमणी

स्टोव्ह बदलता येतो, पण आग घरभर पसरते ती बहुतेक वेळा चिमणीतून. घर विकत घेतल्यावर किंवा स्टोव्ह बदलण्याआधी चिमणीची 'लेव्हल टू' तपासणी करून घ्या. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या मानकात घराचा मालक बदलताना हीच तपासणी सांगितली आहे. यात तपासनीस कॅमेरा आत सोडतो आणि चिमणी वरपासून खालपर्यंत दाखवतो. अमेरिकेत सीएसआयए किंवा एनएफआयचं प्रमाणपत्र असलेला माणूस बघा, कॅनडात 'वेट' प्रमाणपत्र असलेला. तो पडद्यावर काय दाखवतो, ते शेजारी उभं राहून बघा आणि चित्रीकरण मागून घ्या.

त्याला चार गोष्टी विचारा.

पहिली, क्रिओसोट किती आहे? धुरातले वायू सुमारे २५० अंश फॅरनहाइटच्या खाली थंडावले, की आतल्या पृष्ठभागावर जमतात. आधी भुसभुशीत काजळी, मग पापुद्रे, मग काचेसारखा चकचकीत काळा थर. काजळी ब्रशने निघते, चकचकीत थर निघत नाही आणि तोच सर्वांत धोकादायक. तो पेटला, की चिमणीत भट्टी लागते, टाइल्स तडकतात आणि भेगांतून उष्णता लाकडी चौकटीपर्यंत पोचते. थर एक अष्टमांश इंच झाला, की साफसफाई करायलाच हवी.

दुसरी, आतल्या मातीच्या टाइल्स शाबूत आहेत का? जुन्या घरांत टाइल्समधला मसाला गळालेला असतो. काही फार जुन्या चिमण्यांत तर टाइल्सच नसतात, नुसत्या विटा असतात. दोन्ही बाबतीत स्टेनलेस स्टीलचा लायनर घातल्याशिवाय आग लावता येत नाही.

तिसरी, या चिमणीत आणखी काही जोडलेलं आहे का? बेसमेंटमध्येच गॅसची किंवा ऑईलची फर्नेस असते, पाणी तापवायची टाकी असते. सत्तरच्या दशकात अनेकांनी स्टोव्हचा पाइप त्याच धुरवाटेत खुपसला. आजच्या मानकानुसार लाकडाच्या स्टोव्हला स्वतंत्र धुरवाट हवी. असा जोड सापडला, तर पुढची चर्चा तिथेच थांबवा आणि आधी तो सोडवा.

चौथी, चिमणीचं माप स्टोव्हला जुळतं का? जुन्या स्टोव्हचं धुराचं तोंड अनेकदा ८ इंची असतं, नव्यांचं बहुधा ६ इंची. धुरवाट फार रुंद असली, की धूर रेंगाळतो, थंड होतो, क्रिओसोट साचतो आणि ओढ कमी पडते. घराबाहेरच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या चिमणीत धुरवाटेचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या तोंडाच्या दुपटीहून अधिक नको; घराच्या आतून जाणाऱ्या चिमणीला तिप्पट चालतं. १२ बाय १२ इंची टाइल्सची बाहेरची चिमणी ६ इंची स्टोव्हला फारच मोठी पडते. म्हणूनच "फक्त स्टोव्ह बदलायचाय" असं म्हणणाऱ्याच्या हिशेबात लायनरचा खर्च येऊन बसतो. दुकानात जाण्याआधी तो धरा.

दुसरी पायरी: बेसमेंट

हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरायला घर खालून हवा ओढतं. म्हणजे बेसमेंट ही घराची श्वास आत घ्यायची जागा आहे आणि तिथेच आपण स्टोव्ह ठेवतो, ज्याचा धूर बाहेर जायला हवा. चिमणी गरम असेपर्यंत तिची ओढ जिंकते. पण पहाटे आग विझत आली, बाहेरच्या भिंतीवरची चिमणी गार पडली, की पारडं फिरू शकतं आणि चिमणीतली हवा उलटी घरात येऊ शकते. त्या वेळी स्टोव्हमध्ये असतात निखारे. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. डोळ्यांना, नाकाला काहीच कळत नाही.

आपल्या घरांत याला आणखी एक कारण जोडलं जातं. फोडणीचा वास घरभर जाऊ नये म्हणून आपण स्वयंपाकघरात ताकदवान हूड बसवून घेतो. ६००, ९०० सीएफएमचा हूड दर मिनिटाला तितके घनफूट हवा घराबाहेर फेकतो आणि ती कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद असल्या, की सर्वांत सोपी वाट बेसमेंटमधल्या चिमणीची. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम नियमांत ४०० सीएफएमच्या वरच्या हूडसाठी बाहेरून भरपाईची हवा आणण्याची तरतूद याच कारणाने आहे. कपडे वाळवायचं यंत्र आणि बाथरूमचे पंखे यांचीही यात भर पडते.

हे घरच्या घरी बघता येतं. थंडीच्या दिवशी स्टोव्ह पूर्ण गार असताना घराच्या सगळ्या खिडक्या-दारं बंद करा. हूड पूर्ण वेगावर, ड्रायर आणि सगळे पंखे चालू करा. बेसमेंटमध्ये जाऊन स्टोव्हचं दार बोटभर उघडा, चिमणीची झडप मोकळी ठेवा आणि फटीजवळ पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ स्टोव्हच्या आत ओढली गेली तर ठीक. तुमच्या अंगावर आली, तर या बेसमेंटमध्ये स्टोव्हला उलट हवेचा त्रास आहे. तो कितीही महागाचा नवा स्टोव्ह आणून जाणार नाही. आधी हवेची व्यवस्था करावी लागेल; ती होत नसेल, तर स्टोव्ह तिथे नको. उदबत्तीने कौल चांगला दिला तरी तपासनीसाकडून हवेची ओढ मोजून घ्या.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. बेसमेंटच्या उघड्या काँक्रीट भिंतींना इन्सुलेशन नसेल, तर स्टोव्हची बरीच ऊब भिंतीतून बाहेरच्या मातीत जाते. उरलेली जिन्याने वर चढते ती कोमट होऊन. खालचा माणूस घामाघूम आणि वर दिवाणखान्यात शाल पांघरलेली, हे चित्र अनेक घरांत दिसतं. ऊब वर यावी म्हणून जमिनीला भोकं पाडून जाळ्या बसवण्याचा मोह होतो. बांधकाम खात्याला विचारल्याशिवाय ते करू नका. आग लागली तर धूर त्याच वाटेने झोपायच्या खोल्यांत पोचतो.

तिसरा मुद्दा माणसांचा. आपल्याकडे बेसमेंट म्हणजे गणपतीची आरास, नाटकाच्या तालमी, मुलांचा दंगा आणि भारतातून आलेल्या आईवडिलांची झोपायची जागा. स्टोव्ह पेटलेला असताना किंवा निखारे असताना त्या मजल्यावर कुणीही झोपू नये. घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. साधा अलार्म ७० पीपीएम पातळीला १ ते ४ तासांनी वाजतो, म्हणून आकडा दाखवणारा घ्या. वयस्कर माणसं, गरोदर बाई, लहान मूल घरात असेल तर कमी पातळीकडेही लक्ष हवं. आणि स्टोव्हच्या परिसरात सुटकेसेस, पुठ्ठ्याचे खोके, रंगाचे डबे, पेट्रोलचा कॅन, गवत कापायचं यंत्र यांतलं काहीही नको.

तिसरी पायरी: गरज कोणती?

चिमणी आणि बेसमेंट दोन्ही उत्तीर्ण झाली, तर घरातल्यांनी एकत्र बसून एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं: हा स्टोव्ह आपल्याला कशासाठी हवाय?

रोज, हिवाळाभर घर तापवायचं असेल, तर जुना अप्रमाणित स्टोव्ह बदला. ईपीएच्या म्हणण्यानुसार तेवढ्याच उबेसाठी नव्या प्रमाणित स्टोव्हला एकतृतीयांश लाकूड कमी पुरू शकतं. म्हणजे आज तुम्ही वर्षाला ३ कॉर्ड लाकूड जाळत असाल, तर २ मध्ये भागू शकेल. एक कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची, १२८ घनफुटांची रास. आपल्या गावच्या भावाने गुणलं, की वर्षाची बचत कळते. हा लाभ आपल्या घरापुरता नाही. मॉन्टानातल्या लिबी या डोंगरांमधल्या लहान गावात २००५ ते २००७ दरम्यान हजारावर जुने स्टोव्ह बदलले, तेव्हा हिवाळ्यातल्या हवेतले सूक्ष्म कण पाव हिश्शाहून अधिक घटले. दमा असलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला त्याचा उपयोग होतो.

मात्र राहणं वरच्या मजल्यावर असेल, तर नवा स्टोव्ह बेसमेंटमध्ये न ठेवता दिवाणखान्यात ठेवता येतो का, हे आधी विचारा. माणसं जिथे बसतात तिथेच आग ठेवणं, हा लाकूड वाचवायचा सर्वांत सोपा उपाय.

फक्त वीज गेल्यावर आधार म्हणून हवा असेल, तर विचार वेगळा. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात क्यूबेक, पूर्व ऑन्टारिओ आणि न्यू इंग्लंडच्या उत्तर भागात लाखो घरांची वीज गेली. काही ठिकाणी ती परत यायला महिनाभर लागला. अशा वेळी विजेशिवाय चालणारा स्टोव्ह पाण्याचे पाइप गोठण्यापासून वाचवतो, माणसांनाही वाचवतो. पेलेटच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या स्टोव्हला पंखा चालवायला आणि पेलेट सरकवायला वीज लागते, त्यामुळे बॅटरीशिवाय तो या कामाचा नाही. वर्षातून चार दिवस लागणारा जुना, पण यूएलची पट्टी असलेला, शाबूत स्टोव्ह तुमच्या गावाचे नियम परवानगी देत असतील तर दुरुस्त करून ठेवायला हरकत नाही. अट एकच: चिमणीची तपासणी दरवर्षी, स्टोव्ह वापरला असो वा नसो. न वापरलेल्या चिमणीत पक्षी घरटी करतात.

आणि केवळ बेसमेंट उबदार व्हावं, मुलांना तिथे खेळता यावं एवढंच हवं असेल, तर स्टोव्हवर खर्च करू नका. भिंतींना इन्सुलेशन आणि एक मिनी-स्प्लिट हीट पंप हे काम अधिक सुरक्षितपणे करतात.

चौथी पायरी: स्टोव्हची तब्येत

आता स्टोव्ह. बेसमेंटमधले दिवे घालवा, पेटता टॉर्च स्टोव्हच्या आत ठेवा, दार लावा आणि बाहेरून सांधे, मागची बाजू, तळ नीट बघा. कुठूनही प्रकाश डोकावला, तर तिथे भेग आहे किंवा सांध्यातला सिमेंटचा मसाला गेलाय. मग दाराच्या कडेला कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली, तर दाराची दोरीसारखी गॅस्केट संपलीय. दाराच्या चारी बाजूंना हे करा.

गॅस्केट, आतल्या विटा, दाराची काच, सांध्यांचा मसाला या गोष्टी बदलता येतात आणि त्यांचा खर्च बेताचा असतो. बिडाची तडकलेली पाटी, वाकलेलं पोलाद, जळून पातळ झालेला तळ किंवा वेल्ड उकललेला सांधा यांवर पैसे घालू नका. अशा स्टोव्हचं आयुष्य संपलंय.

एक इशारा फार महत्त्वाचा. त्या काळी स्टोव्हच्या मागच्या भिंतीवर आणि खाली राखाडी-पांढरे ॲस्बेस्टॉसचे तक्ते लावत. काही गॅस्केटमध्येही ॲस्बेस्टॉस असे. असा तक्ता दिसला तर तोडू, घासू, झाडू नका. नमुना प्रयोगशाळेकडून तपासून घ्या आणि परवानाधारक माणसाकडूनच काढून घ्या.

नवा घ्यायचा ठरला, तर

मोठा म्हणजे चांगला, असं नाही. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह लोकांना कायम मंद ठेवावा लागतो आणि मंद आग म्हणजे पुन्हा क्रिओसोट. कॅटलिस्ट असलेले स्टोव्ह मंद आगीतही धूर जाळतात, पण कॅटलिस्ट काही वर्षांनी बदलावा लागतो. तो खर्च आणि ती काळजी घ्यायची तयारी नसेल, तर बिनकॅटलिस्टचा घ्या.

गावाचा परवाना काढा आणि घराच्या विम्याच्या कंपनीला आधी लेखी कळवा. कॅनडात विमा कंपन्या बहुधा 'वेट' तपासणीचा अहवाल मागतात. न कळवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली, तर दावा अडकू शकतो. अमेरिकेत अशा स्टोव्हवर मिळणारी केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत २०२५ अखेर संपली; विक्रेता अजून तिचं गाजर दाखवत असेल तर भुलू नका. काही राज्यं, प्रांत आणि गावं जुना स्टोव्ह जमा केल्यावर नव्यासाठी अनुदान देतात, त्याची चौकशी मात्र जरूर करा. ओरेगॉनमध्ये तर २०१० पासून घर विकताना अप्रमाणित स्टोव्ह काढून नष्ट करणं कायद्याने बंधनकारक आहे.

लाकूडही आधीच बघून ठेवा. ओलं लाकूड नव्या स्टोव्हलाही जुन्यासारखं धुमसवतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला ओलावामापक टोचा. २० टक्क्यांच्या खाली आकडा हवा. ओकसारखं जड लाकूड फोडून रचल्यावर वाळायला वर्ष, दोन वर्षं लागतात. म्हणजे पुढच्या वर्षीच्या हिवाळ्याचं लाकूड याच वसंतात फोडायला हवं. राख काढाल ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी डेकपासून दूर ठेवा. राखेत दडलेला निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो.

जुना स्टोव्ह काढला, तर तो कुणाला देऊ किंवा विकू नका. आपल्या घरातला धोका दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये नेऊन ठेवण्यात काही पुण्य नाही. भंगारवाल्याकडे द्या आणि मोकळं झालेलं चिमणीचं तोंड व्यवस्थित बंद करून घ्या.

थोडक्यात निकाल

चिमणी नापास, उदबत्तीचा धूर उलटा किंवा धुरवाट फर्नेसबरोबर सामाईक असेल, तर स्टोव्ह बंद. आधी तो दोष दूर करायचा. स्टोव्हवर कोणतीच पट्टी नाही आणि तो रोज वापरायचाय, तर बदलायचा, लायनरसकट. शाबूत, पट्टी असलेला आणि फक्त अडीअडचणीला लागणारा असेल, तर दुरुस्त करून, दरवर्षी तपासून ठेवायचा. गरजच नसेल, तर काढायचा.

थंडी सुरू झाली, की चिमणी तपासणाऱ्यांच्या तारखा भरून जातात आणि मग माणसं "या वेळेपुरतं पेटवू" म्हणतात. तसं होऊ देऊ नका. उन्हाळ्यातच तपासनीसाला फोन करा, आजच अलार्मची बॅटरी बघा आणि अहवाल हाती आल्यावरच ठरवा.